थंडीचा नकाशा

निर्मलाताई क्षीरसागर पानाला हात लावायच्या तो उलटा. बोटांच्या पाठीने. मुलाला ताप आहे का बघायला आई जसा कपाळाला हात लावते, तसा. प्रत्येक रांगेतल्या दोन-तीन झाडांना असा हात लावत त्या पुढे सरकायच्या, मग थांबून एप्रनच्या खिशातली पेन्सिल काढायच्या आणि वहीत एखादा शब्द लिहायच्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, बाई भाविक असतील, झाडांना नमस्कार करत असतील. मी वहीत डोकावलो. देवनागरीत लिहिलं होतं : ‘रांग ४ – पोपटी. रांग ५ – शेवाळी. रांग ६, शेंड्याला – अंजिरी?’

लुडविग्सहाफेनच्या बाहेर, रासायनिक कारखान्याच्या चिमण्या मागे पडून मुळ्याची आणि कोबीची शेतं सुरू होतात तिथे आमचं काचघर होतं. आत गांजा पिकायचा. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि औषधाच्या दुकानात मिळतो तो. नोकरी लागल्यावर हे मी पुण्याला फोन करून सांगितलं, तेव्हा आईने “तुझ्या बाबांशी बोल” म्हणून फोन दिला आणि बाबांनी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं. माझा गांजाशी तसा संबंध नव्हताच. काचघरातली ऊब, दमटपणा, छताच्या खिडक्यांची उघडझाप हे सगळं एका कॉम्प्युटरवरून चालायचं आणि त्यावरचा प्रोग्रॅम माझ्याकडे होता. जर्मनीत येऊन मला दीड वर्ष झालं होतं. त्या काचघरात चाळीसेक माणसं काम करायची, त्यांत मराठी आम्ही दोघंच.

पहिल्या दिवशी मी त्यांना काकू म्हटलं.

“काकू नको,” त्या म्हणाल्या. “इथे मी कामाला आहे. ताई म्हण. आणि तो पडद्यावरचा आकडा बघून कोट काढून ठेवलायस ना, तो घाल. आत गेलास की गारठशील.”

पडद्यावर एकोणीस अंश दिसत होते. मी हसलो आणि कोट न घालता आत गेलो. गारठलो की नाही हे आज आठवत नाही. आपण ऐकलं नव्हतं, एवढं मात्र नंतर फार आठवलं.

जर्मन लोकांना त्यांचं आडनाव उच्चारता यायचं नाही. ‘क्षी’पाशी सगळ्यांची गाडी अडायची. म्हणून त्या सगळ्यांच्या ‘फ्राऊ का’, म्हणजे ‘K बाई’ झाल्या, नुसतं एक अक्षर. एकसष्ट वर्षांच्या, उंचीने कमी, केस मागे घट्ट बांधलेले. साडी फक्त इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला. त्या मूळच्या येवल्याच्या. वडील पैठणीचं रेशीम रंगवायचे. रेशमाची लड कढत पाण्यात किती वेळ ठेवायची आणि पाणी किती कढत हवं, हे ते कोपर बुडवून ठरवत, असं ताई सांगायच्या. पाणी थोडं निवलं तरी तोच रंग वेगळा यायचा, आणि मग ती लड दुसऱ्या साडीला जायची. त्या घरात वाढलेल्या ताई रसायनशास्त्र शिकल्या, लग्नानंतर इकडे आल्या, आणि त्यांनी पंचवीस वर्षं इथल्याच एका रंगांच्या प्रयोगशाळेत दोन नमुने शेजारी ठेवून ते जुळतात की नाही एवढंच सांगायचं काम केलं. तो विभाग बंद झाला तेव्हा त्या पंचावन्नच्या पुढे होत्या. मुकुंदराव, म्हणजे त्यांचे यजमान, म्हणाले, आता आराम कर. त्यांनी पंधरा दिवस आराम केला आणि काचघरात अर्ज दिला.

मंडळाच्या गणपतीत हा विषय निघायचाच. एकदा मोदकांचं ताट हातात घेऊन एका बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, “अहो निर्मलाताई, खरं का हो, तुम्ही त्या गांजाच्या कारखान्यात असता?”

“हो,” ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “फार सुंदर रंग असतात हो. तुम्हाला दाखवलं असतं, पण बाहेरच्यांना आत सोडत नाहीत.”

 ताईंनी शांतपणे दुसरा मोदक घेतला.

रंगांचं त्यांचं प्रकरण आधी थट्टेचं होतं. कंपनीच्या नियमाप्रमाणे झाडांचा रंग एका छापील तक्त्यावरच्या नंबराने नोंदवायचा. ताई नंबर लिहायच्याच, पण शेजारी स्वतःसाठी नावही लिहायच्या. कारण दोन नंबरांच्या मधला रंग आला तर तक्ता गप्प बसतो, असं त्यांचं म्हणणं. आमसुली आणि अंजिरी यांच्यात तक्त्याला फरक दिसत नव्हता. ताईंना तो पाच पावलांवरून दिसायचा. कुणी विचारलं की त्या नाव सांगायच्या आणि पान दाखवायच्या. हळूहळू ते शब्द लोकांच्या तोंडी बसले. एकदा आमचे बेट्रीब्सलायटर, म्हणजे काचघराचे मुख्य व्यवस्थापक हेर फोग्ट, फोनवर कुणाला तरी ओरडताना मी ऐकलं, “नाइन, नाइन! आमसुली नाही! चिंतामणी! फ्राऊ का म्हणतायत चिंतामणी!” सहा फूट उंचीच्या, टाय लावलेल्या त्या माणसाच्या तोंडून येवल्याच्या रंगाचं नाव ऐकून मी खुर्चीतून पडायचा बाकी राहिलो.

मला झाडांतलं काही कळत नव्हतं. जे कळलं ते त्यांच्यामुळे, डब्याच्या सुट्टीत. गांजाच्या काही जातींच्या अंगात जांभळा रंग दडलेला असतो, त्या सांगायच्या, इथला जांभळा कोबी असतो ना, त्यातलाच. उबेत झाड हिरवं असतं. रात्री गार पडायला लागल्या की हिरवा ओसरतो आणि हा जांभळा वाढतो, वर येतो. आधी पानाची कड, मग शिरांमधली जागा, मग फुलाचा कोंब. सगळ्या जातींना ते जमत नाही. शेजारच्या दालनातल्या जातीत तो रंग नाहीच.

“तिला बर्फात ठेवलंस तरी ती कुडकुडेल, मरेल, पण जांभळी होणार नाही,” त्या म्हणाल्या.

“मग जांभळा गांजा जास्त कडक असतो म्हणतात, ते?”

“लोक म्हणतात. जांभळी साडी जास्त ऊबदार असते का?” त्यांनी डब्यातली भाकरी मोडली. “रंग एवढंच सांगतो की झाडाला गार लागलंय. आपण ऐकायचं.”

त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी दुसऱ्या दालनातल्या उत्तरेकडच्या रांगा जांभळ्या पडायला लागल्या.

हेर फोग्ट यांनी येऊन बघितलं. मग बाहेरून एक सल्लागार आले. त्यांनी देठ बघितले, पानं बघितली आणि फॉस्फरस कमी पडलाय असं सांगितलं. खताच्या पाण्यात फॉस्फरस कमी असला तरीही झाडावर जांभळट छटा येते. आता, उत्तर बाजूच्या टाकीत खताचं पाणी कालवायचं काम मिरेक नावाच्या माणसाकडे होतं. मिरेक पोलंडचा, पन्नाशीचा, फार कमी बोलणारा. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा, प्रत्येक पोत्याचा आकडा दोनदा वाचायचा. दक्षिण बाजूची टाकी दुसरा माणूस भरायचा आणि तिकडची झाडं हिरवीगार होती. निष्कर्ष काढायला कुणाला वेळ लागला नाही. माझ्या कॉम्प्युटरमध्ये सगळं ठीक होतं : ऊब दिवसरात्र एकोणीस, रात्री खिडक्या बंद. म्हणजे चूक पाण्यातच. आणि पाणी म्हणजे मिरेक.

मिरेकने आपली वही आणून दाखवली. फोग्ट म्हणाले, वहीत काहीही लिहिता येतं. मिरेकचे कान लाल झाले. त्याने वही मिटली आणि तो पुन्हा कामाला लागला. दोन आठवड्यांत चौकशी संपवून त्याला क्युंडिगुंग, म्हणजे कामावरून काढल्याचं पत्र द्यायचं ठरलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. मीही.

ताई बोलल्या. त्या फोग्ट यांच्या खोलीत गेल्या आणि दार उघडंच ठेवून म्हणाल्या, “फॉस्फरस कमी पडला तर झाड खालून सुरुवात करतं. जुनी पानं आधी. इथे शेंडे आधी रंगलेत, आणि वरची पानं. पानाखाली झाकलेली पानं हिरवीच आहेत. हे वरून आलंय.”

“वरून काय आलंय, फ्राऊ का?”

“गारठा.”

फोग्ट यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर उभा होतो. मी म्हणालो, “सिस्टीमप्रमाणे एकोणीस अंश आहेत.”

ते वाक्य मी ज्या सुरात बोललो तो सूर मला अजून ऐकू येतो.

ताई वाद घालायला थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोग्ट यांच्याकडे तीस कुंड्या मागितल्या आणि दहा दिवस. फोग्ट नको म्हणणार होते, पण पंचवीस वर्षं रंग बघितलेल्या बाईला कसं नको म्हणायचं हे त्यांना कळलं नसावं. ताईंनी दक्षिणेकडच्या वीस हिरव्या कुंड्या निवडल्या. त्यांतल्या दहा उचलून उत्तर बाजूला नेल्या, पण त्यांना पाणी दक्षिणेच्याच टाकीतलं घालायचं, मिरेकच्या टाकीतला थेंबही नाही. उरलेल्या दहा दक्षिणेतच ठेवल्या आणि त्यांना मात्र रोज मिरेकच्या टाकीतलं पाणी. शेवटच्या दहा कुंड्या उत्तरेतल्या जांभळ्या, त्यांना कुठेही हलवायचं नाही, फक्त बघायचं. पाणी त्या स्वतः घालायच्या, हातात झारी घेऊन, येता-जाता दोन्ही टाक्यांच्या फेऱ्या मारत. साठीच्या पुढच्या बाई, गुडघा दुखरा. मिरेक झारी घ्यायला पुढे आला तर त्या म्हणाल्या, “तू हात लावायचा नाहीस. उद्या म्हणतील तूच काहीतरी घातलंस.”

आणि याच दिवसांत त्यांनी ती दुसरी गोष्ट सुरू केली. आलेख-कागद आणला. उत्तर बाजूतली प्रत्येक कुंडी म्हणजे एक चौकोन. घरून रंगीत पेन्सिलींचा एक जुना लाकडी डबा आणला आणि रोज सकाळी एकेक झाड बघून तो चौकोन त्या रंगाने भरायला लागल्या. फोटो का काढत नाही, मी विचारलं. दिव्यांखाली फोटो खोटं बोलतो, त्या म्हणाल्या. एका रांगेला त्यांना अर्धा तास लागायचा. मान एकीकडे कलती, ओठ मिटलेले, पानाकडे बघायचं, पेन्सिल उचलायची, ठेवायची, दुसरी उचलायची. मी जाता-येता बघत होतो आणि मला त्यांची कीव येत होती. खरंच सांगतो, कीव. एवढ्या हुशार बाई, आणि शाळेतल्या मुलीसारख्या कागद रंगवत बसल्यात.

आठव्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. डब्याच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी टेबलावर तो कागद उलगडला.

मला आधी काही कळलं नाही. मग एकदम दिसलं. कागदाच्या वरच्या कडेला एका ठिकाणी गडद, जवळजवळ काळसर जांभळा ठिपका होता. तिथून रंग खाली पसरत गेला होता, आधी अरुंद, मग रुंद, आमसुली, अंजिरी, मग फिकट लालसर, मग शेवाळी, आणि शेवटी हिरव्यात मिसळून गेला होता. पाणी सांडल्यावर फरशीवर ओघळ पसरतो तसा तो आकार. कुणीतरी छतातून गार हवा ओतत होतं आणि झाडांनी तिचं चित्र काढून ठेवलं होतं. ताईंनी ते फक्त उतरवून घेतलं होतं.  पाच महिने मी त्या दालनातली हवा सांभाळत होतो आणि ती कशी दिसते हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

“ही जागा कुठली?” मी त्या काळ्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं.

“छताची सातवी खिडकी.”

“पण ती रात्री बंद असते. लॉगमध्ये आहे.”

“चल.”

आम्ही शिडी लावली. सातव्या खिडकीचा दातेरी पट्टा एका जागी तुटला होता. मोटार फिरायची, खिडकी खाली यायची आणि चार बोटांची फट ठेवून अडकायची. दिवसा उन्हात ती फट कुणाला जाणवायची नाही. रात्री तिच्यातून बाहेरचा नोव्हेंबर आत पडायचा. आणि माझा प्रोग्रॅम? तो खिडकीला ‘बंद हो’ असा हुकूम पाठवायचा आणि लगेच लिहून टाकायचा : बंद झाली. खरंच झाली का, हे तो विचारतच नव्हता. विचारायची सोय मी केली नव्हती. शिवाय उत्तर बाजूचा तापमापक मधल्या खांबावर टांगलेला होता, गरम पाण्याच्या नळाला जवळजवळ चिकटून. तो दिवसरात्र नळाची ऊब मोजत होता. तिथे टांगा, असं मीच सांगितलं होतं, कारण वायर तेवढीच पुरत होती.

शिडीच्या खाली ताई उभ्या होत्या. मी उतरलो. 

“तुझ्या तीस कुंड्यांपैकी...” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. घाईत ‘तुमच्या’चं ‘तुझ्या’ झालं.

“उत्तरेत नेलेल्या दहा रंगायला लागल्यात. मिरेकचं पाणी प्यालेल्या दहा हिरव्या आहेत,” त्या म्हणाल्या. “पाण्याचा काही दोष नाही. थंडीत मुळं खत नीट ओढत नाहीत, म्हणून सल्लागारांना तसं वाटलं. त्यांनाही फार बोल लावता येत नाही.”

मग त्या मुद्द्यावर आल्या.

“अमेय, उद्या नऊला मिरेकची मीटिंग आहे. हा कागद घेऊन मी जाणारच. पण खिडकीचं आणि तापमापकाचं तू सांगितलंस तर ते वेगळं होईल. मी सांगितलं तर तू पकडला गेलास असं होईल.”

“ताई, माझा व्हिसा या नोकरीवर आहे.”

“माहितीये.”

“प्रोबेत्साइट, हा चाचणीचा काळ, संपायला महिना आहे. त्याच्या आत ते कारण न देता काढू शकतात.”

“तेही माहितीये.”

मला वाटलं, त्या आता काहीतरी धीराचं बोलतील, काही होणार नाही म्हणतील. त्या तसं बोलल्या नाहीत. त्यांना जे माहीत नव्हतं ते त्या कधी बोलायच्या नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्या दंडावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाल्या, “पावणेनऊला मी दाराशी असेन.”

पावणेनऊला त्या दाराशी होत्या. आत गेल्यावर मी सगळं सांगितलं, तोडक्या जर्मनमध्ये. हुकूम म्हणजे काम नव्हे हे सांगताना मला योग्य शब्द सापडेना, तर फोग्टच वैतागून म्हणाले, “आल्झो, म्हणजे खिडकी उघडी होती आणि तुझा कॉम्प्युटर बंद म्हणत होता.” मी म्हणालो, “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर. ताईंनी नकाशा टेबलावर पसरला. फोग्ट उठून उभे राहिले. दोन्ही हात टेबलावर टेकून ते त्या कागदावर वाकले. समोरच्या खुर्चीत मिरेक बसला होता. टेबलावर त्याच्यासाठी तयार केलेला लिफाफा होता. फोग्ट यांनी तो उचलला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

मला आबमानुंग मिळाली, म्हणजे लेखी ताकीद. नोकरी राहिली. उत्तरेकडच्या तीन रांगांमध्ये गारव्याने आणि दमटपणाने फुलांना करडी बुरशी धरली होती, त्या उपटून टाकाव्या लागल्या. ते ताईंना बघवलं नाही, त्या दिवशी त्या शेजारच्या दालनात काम करत राहिल्या.  दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर मिरेकची ती वही होती, उघडून ठेवलेली. सगळे आकडे. मी वाचावेत म्हणून. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि वही त्याला नेऊन दिली. तेव्हा त्याने माझा हात हातात घेतला.

त्यानंतर फोग्ट यांनी ताईंना एक छोटी खोली दिली, जिच्यात ऊब हवी तेवढी कमी-जास्त करता यायची. ताईंनी एकाच मातृझाडाची कलमं लावली आणि ती गटागटाने वेगवेगळ्या रात्रींत वाढवली. काही वीस अंशांत, काही सोळा, काही बारा, थोडी त्याहून गार. एका आईची लेकरं, एकच माती, एकच पाणी. वीसवाली पोपटी हिरवी राहिली. बारावाली अशी रंगली की दार उघडल्यावर माणूस उंबऱ्यातच थांबायचा. झाड एकच आणि त्याच्यात इतके रंग, आणि ते बाहेर काढायला रात्रीच्या हवेत फक्त आठ अंशांचा फरक! मी तिथे कामाशिवाय जाऊन उभा राहायला लागलो. ताई प्रत्येक गटाचा रंग पेन्सिलीने एका कार्डावर उतरवायच्या. ती कार्डं ओळीने एका फळ्यावर लागली. वर जर्मनमध्ये लिहिलं : हा रंग दिसला तर आधी खिडकी बघा, नंतर खत. फळा दालनाच्या दाराशी टांगला.

तो फळा पुढच्या उन्हाळ्यातल्या एका सकाळी त्यांनी खाली उतरवलेला मला दिसला. त्या दोन कार्डं हातात धरून खिडकीशी उभ्या होत्या.

“अमेय, ही दोन वेगळी आहेत का रे?”

एक निळसर जांभळं, एक लालसर जांभळं. माझ्यासारख्याला दिसेल एवढा फरक होता.

“वेगळी आहेत की.”

“मी स्वतः वेगळी रंगवली होती,” त्या म्हणाल्या. “आज मला ती एक दिसतायत.”

त्यांनी मिरेकला बोलावलं. त्याला सांगितलं, सगळी कार्डं पिस आणि एकेक दाखव, मी ओळीने लावते. मिरेकने पिसली. ताईंनी लावली. हिरवी बरोबर लागली, पिवळी बरोबर लागली. निळ्या-जांभळ्यात पाच चुकली. पुन्हा केलं. सहा चुकली. मिरेक माझ्याकडे बघत होता, मी जमिनीकडे. ताई मात्र कार्डांच्या मागे आकडे लिहीत होत्या, कुठलं कशाशी चुकलं ते.

मग हात धुऊन त्या फोग्ट यांच्याकडे गेल्या. या वेळीही दार उघडंच.

“रंगाच्या तपासणीवर आजपासून माझी सही घेऊ नका. माझ्या डोळ्यांना निळा कमी दिसतोय. मोतीबिंदू असावा.”

फोग्ट म्हणाले, “फ्राऊ का, आमच्या सगळ्यांपेक्षा तुमचे चुकणारे डोळेही बरे आहेत. कुणाला कळणार आहे?”

“कुणाला कळणार नाही, म्हणूनच सांगतेय. इथे चूक पकडणारी मीच होते.”

डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख लांबची मिळाली. तोवर त्यांनी मिरेकला शिकवलं. जे पान त्यांना नीट दिसत नव्हतं ते त्या त्याला बघायला लावायच्या आणि प्रश्न विचारायच्या : कड की मधला भाग? शेजारच्यापेक्षा तांबूस की निळसर? तो हळू उत्तरं द्यायचा. त्यांनी त्याला नावं पाठ करायला लावली. पोलिश माणसाच्या तोंडचं ‘मोरपिशी’ ओळखू येणारं नव्हतं, पण तो ज्या पानाला ते म्हणायचा ते मोरपिशीच असायचं. मला वाटलं होतं, आयुष्यभर ज्यावर जगल्या ते गेल्यावर त्या खचतील. एकदाच, जिन्यात, त्यांनी मला थांबवलं. “वडिलांना शेवटी दिसत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “आई रंग सांगायची आणि ते पाण्यात कोपर घालायचे. तेव्हा मला वाटायचं, यांना काय जमणार.” एवढं बोलून त्या वर गेल्या.

सप्टेंबरच्या शेवटी त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं महिन्याने व्हायचं होतं. त्याच सुमारास मला म्युनिकला नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी सगळ्यांना भेटून मी त्यांना शोधत त्या छोट्या खोलीशी गेलो. त्या रजेवर होत्या, पण आल्या होत्या. मुकुंदराव बाहेर गाडीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. “दहा मिनिटांत येते म्हणाली,” ते मला म्हणाले, “तासभर झाला.”

दाराला काच होती. आत ताई बारा अंशांच्या झाडांसमोर उभ्या होत्या, शेजारी कार्डांचा गठ्ठा घेऊन मिरेक. मी दार उघडलं तरी त्यांनी मागे बघितलं नाही.

“अमेय, इकडे ये. गंमत बघ.” त्यांनी डाव्या हाताने उजवा डोळा झाकला. “या डाव्याने बघितलं की चहा सांडल्यासारखं. सगळ्यावर तपकिरी.” मग हात बदलून डावा डोळा झाकला.  त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं. पुन्हा हात बदलला. पुन्हा.

“अरे, हे इतकं निळं होतं,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “कधीपासून मी याला आमसुली लिहितेय.”

मला वाटलं त्या रडतात की काय. त्यांनी मिरेककडे हात पुढे केला. “पहिलं कार्ड दे. पहिल्यापासून बघू या. जिथे चुकलंय तिथे नवीन करायचं.”

“ताई, मी निघतो,” मी म्हणालो. “माझी गाडी आहे.”

“हो, हो. जा. पोचलास की फोन कर.” डोळा झाकलेलाच होता. “मिरेक, हे बघ, कडेला. तुला काय दिसतं? खरं सांग.”

मी वाकून नमस्कार करायचं मनात आणलं होतं, पण तिथे वाकायला जागा नव्हती आणि त्यांना वेळ नव्हता. बाहेर येऊन मी काचेतून बघितलं. एका डोळ्यावर तळहात धरून त्या झाडाच्या इतक्या जवळ वाकल्या होत्या की पानांचा जांभळा उजेड त्यांच्या गालावर पडला होता, आणि मिरेक काहीतरी सांगत होता, आणि त्या नाही, नाही म्हणून मान हलवत होत्या.